ले-ऑफला मराठीत काय म्हणायचं?

शाईपेन: एक लेख मराठीत करतेय, २०२०मध्ये अमेरिका आणि जर्मनीत किती जणांची कामं गेली याची तुलना आहे. 'लेड ऑफ'ला मी बिनधास्त 'कामावरून काढलेले' लिहिलं तर बाबा म्हणाले, अगं ले-ऑफ म्हणजे काढणं नव्हे, बसवणं. ते चिंचवडला कारखान्यात होते, ऑर्डर नसली की ले-ऑफ लागायचा, सकाळी गेटवर हजेरी लावायची, अर्धा पगार, आणि घरी येऊन आईच्या मागे मागे फिरायचं (हे आईचं म्हणणं). नाव मस्टरवरच. मग अमेरिकेत काय, बसवतात की काढतात?

गेटपास: बाबा बरोबर आहेत. त्यांच्या वेळच्या, १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम न देणं होतं, बेसिक अधिक डीएच्या ५० टक्के भरपाई. काढलं तर ती कपात. अमेरिकन माणूस ले-ऑफ म्हणतो तेव्हा बहुतेकदा खेळ खल्लास, आयटीवाल्यांनी तोच अर्थ इकडे आणला.

मुळाक्षर: सरळ 'बेकार' लिहा की. फारसी बे अधिक कार, कार म्हणजे काम. 'बेरोजगार' हिंदी पेपरांतून घुसलाय, आमच्या वेळी 'सुशिक्षित बेकार'च असायचे.

वांगीभात: रोजगार हमी १९७२च्या दुष्काळातली, ती पण हिंदी पेपरांनी काढली का? आणि आता पिक्चर बेकार, चहा बेकार, माणसाला कसं म्हणायचं.

मुळाक्षर: तो तुमच्या पिढीचा दोष, शब्दाचा नव्हे.

राईनकाठ: मी तेव्हा जर्मनीत 'कुर्त्सआर्बाइट'वर होते, शब्दशः आखूड काम. आठवड्याचे दोनच दिवस उरले होते, बुडालेल्या पगाराच्या ६० टक्के सरकारकडून, मुलं असतील तर ६७. पण आम्हाला बेकारांत मोजलंच नाही. त्या एप्रिलमध्ये असे जवळपास ६० लाख लोक होते आणि बेकारी ६ टक्क्यांच्या आत! अमेरिकेत 'परत बोलावतो' सांगून घरी पाठवलेलेही बेकारांत धरतात, म्हणून तिथे १४च्या वर. त्यामुळे शाईपेन, शब्द चुकला तर अख्खी तुलनाच चुकेल.

गेटपास: म्हणजे त्यांचं ते आखूड काम आपल्या ले-ऑफच्या जवळचं. आपल्या नाक्यावरच्या मजुराला मात्र दोन्ही नाही. त्याचा नुसता खाडा पडतो. आणि सरकारी पाहणीत आठवड्याच्या हिशोबाला एक तास काम मिळालं तरी तो 'कामावर'.

मुळाक्षर: खाडा माणूस करतो, मालक नाही.

वांगीभात: हो पण शब्द फिरतातच ना. टाळेबंदी घ्या, गिरणगावात टाळेबंदी म्हणजे मालकाने गेटला टाळं ठोकणं, २०२०ला पेपरांनी तीच लॉकडाउनला चिकटवली. टीव्हीवर 'देशभर टाळेबंदी' ऐकून आजोबा विचारत होते, कुठल्या मालकाने केली?

शाईपेन: 'तात्पुरते घरी बसवलेले' लिहिलं. संपादक म्हणतात मथळ्यात मावत नाही. दुसरं काही आहे का?

गेटपास: वांगीभात, आजोबा कुठे होते?

वांगीभात: लालबागला. ८२च्या संपानंतर त्यांना काढलं, बसवलं, की तेच गेले नाहीत, याचा कागद घरात कुणालाच सापडला नाही.

मुळाक्षर: कुलूप अरबी, टाळं आपलं, हे ठीक. पण एक टाळं, दोन टाळी, हे कुणाला खटकत नाही का?