नाशिकचे बंद कारखाने : आत गेलात तेव्हा काय पाहिलंत?

सातपूर-अंबडच्या रस्त्यांवरून जाताना मधूनच एखादं गेट कुलूपबंद दिसतं. आत बाभळी माजलेल्या, टाइम ऑफिसच्या काचा फुटलेल्या. भंगाराची बोली लागली की बघता बघता तिथे मोकळा प्लॉट होतो. मशीन जातं आणि ते कसं चालायचं हे सांगणारी माणसंही पांगतात. द्राक्षं आणि कुंभमेळा यापलीकडे नाशिकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोखंड कातलं गेलंय, त्याची नोंद कोणी ठेवायची? म्हणून हा धागा. परवानगी काढून अशा जागी गेला असाल किंवा तिथेच नोकरी केली असेल, तर तपशिलात लिहा. कोणी कोणाला बुडवलं हा वाद इथे नको, कंपन्यांची नावं टाळा.

सुरुवात मी करतो. मी टूल रूममधला माणूस. ओळखीच्या मालकांनी त्यांचं बंद वर्कशॉप विकण्याआधी मला आत जाऊ दिलं. मोठ्या मशीन आधीच गेल्या होत्या, पण जिग-फिक्श्चरचा, म्हणजे काम पकडून ठेवायच्या आणि ड्रिलला दिशा देणाऱ्या साच्यांचा, रॅक जागेवर होता. एक ड्रिल जिग हातात घेतली, तर तिच्या सगळ्या बुश (ड्रिल ज्यातून जातो त्या नळ्या) एकाच बाजूने झिजलेल्या. म्हणजे स्पिंडल जरा कललेला होता आणि तशाच मशीनवर वर्षानुवर्षं माल काढला होता. कपाटात ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरची ड्रॉइंग, होती. एकीवर रिव्हिजनच्या रकान्यात भोकाचं माप ६.५ खोडून ६.८ केलेलं, पुढे तारीख आणि दोन सह्या. बोल्ट जात नाही म्हणून असेंब्लीवाला कधीतरी ड्रॉइंग ऑफिसात येऊन भांडला असणार, हे त्या एका खाडाखोडीत दिसतं. त्या ट्रेसिंग मी मागून घेतल्या. रॅक भंगारात गेला.

नाशिकरोडहून
माझे वडील एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनवर होते. तिथले १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७०-७१ च्या सुमाराचे, ते आता बंद आहेत. २१० मेगावॅटचे नंतर आले. बंद झालेला संच बघायला आम्हाला रीतसर पासवर आत सोडलं होतं. टर्बाइन हॉलची शांतता बाबांना सोसेना. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर संच फिरत असताना तिथे शेजारच्याशी कानात ओरडून बोलावं लागायचं. संच बंद केला तरी रोटर लगेच थांबू द्यायचा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तापलेला रोटर एका जागी राहिला तर वरचा भाग गरम, खालचा थंड होऊन तो वाकतो. म्हणून बॅरिंग गिअरवर त्याला तासन्‌तास सावकाश फिरवत ठेवायचं. बाबांनी बेअरिंगच्या कव्हरवर तळहात टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही. पूर्वी ते असंच हाताला कंपनं लागतायत का बघायचे.

पिंपळगावकडचा, निवृत्त पॅनमन
ताई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका बंद पडलेल्या सहकारी साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरायच्या बंद भांड्यावर, होतो. त्या काळच्या बहुतेक कारखान्यांसारखी रोजची १२५० टन गाळपाची क्षमता. आमचे पगार थकले, अजून काहींचे येणे आहे. पण तुम्ही म्हणता तसं नाव घेत नाही. मध्यंतरी रखवालदाराने ओळखलं आणि आत सोडलं. गव्हाणीत पिंपळ उगवलाय. मिलचे रोलर गंजून एकमेकांना धरून बसलेत. तांब्या-पितळेचं काहीच राहिलेलं नाही. इव्हॅपोरेटरच्या नळ्या सगळ्यात आधी गेल्या. हंगामात बॉयलर पेटवायचा मान एका जोडप्याला असायचा, पूजा व्हायची, मग पहिली मोळी. ऊस, बगॅस, वाफ, साखर: स्वतःचंच चिपाड जाळून कारखाना स्वतःची वीज करायचा. माझा पॅन जागेवर आहे. काच मात्र फुटली.

सिडको, सेफ्टीत काम करते
पोरं व्हिडिओ काढायला भिंतीवरून उड्या मारतात म्हणून लिहिते. मळीची किंवा कसलीही बंद टाकी दिसली तर आत डोकंही घालू नका. आत प्राणवायू संपलेला असतो, माणूस दोन श्वासांत पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. चेकर्ड प्लेट वरून धड दिसते, खालून गंजून कागद झालेली असते. छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांवर चढू नका. जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, फुटलेल्या पत्र्याची धूळ फुप्फुसात जाते. आग्या मोहोळ आधी बघा. एकट्याने तर नाहीच.

इगतपुरी
आमच्याकडे कारखाना नाही, पण रेल्वे हाच कारखाना. मुंबईकडून रेल्वेच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी वीज यायची, इथून पुढे २५,००० व्होल्ट एसी. त्यामुळे प्रत्येक गाडीचं इंजिन इथे बदलायचं आणि कपलिंगवाल्यांची धावपळ असायची. डीसी गेली तशी ती सगळी कामं गेली. थळ घाटातला चढ ३७ फुटांना १ फूट, म्हणून कसाऱ्याहून मागे बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लागतात, ते अजूनही आहेत. घाटात पूर्वी गाडीचं तोंड फिरवायचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. मार्ग सरळ केल्यावर ते सुटलं. रुळांवर जाऊन शोधू नका, गुन्हा आहे आणि गाड्या सतत असतात.

मेन रोड
नाशिकरोड स्टेशन ते मेन रोड घोड्यांची ट्राम होती, १८८९ ची, अडीच फुटी रूळ. १९३० नंतर लवकरच बंद पडली. पुढे बार्शी लाइट रेल्वे बांधणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप तिचे सल्लागार होते. आज त्या रस्त्यावर रुळाचा तुकडाही दिसत नाही. धागाकर्त्यांना म्हणायचंय ते हेच ना?

धागाकर्ता
हो, अगदी हेच. पॅनमन काका, त्या काचेबद्दल लिहा ना. पॅनमध्ये साखर तयार झाली हे तुम्ही ओळखायचा कसं?

पिंपळगावकडचा, निवृत्त पॅनमन
पॅनला खालून वर काचा असतात, मागे दिवा. व्हॅक्यूममुळे रस कमी उष्णतेवर उकळतो, नाहीतर साखर करपेल. पॅनच्या अंगात एक पितळी दांडा असतो, तो फिरवून ओढला की खाचेत थोडा माल येतो, व्हॅक्यूम सुटत नाही. तो माल काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यासमोर धरायचा. दाणे मोकळे, एकसारखे, कडा धारदार पाहिजेत. मध्येच बारीक धूळ दिसली तर नवा दाणा धरतोय समजायचं. लगेच पाणी घेऊन तो विरघळवायचा. मग अंगठा आणि बोटात चोळून बघायचं. मीटर होते, पण पॅन सोडायचा हुकूम बोटांवरूनच निघायचा. माझ्यानंतरच्या दोघांना शिकवलं. एक आता अंबडला सिक्युरिटीत आहे, दुसरा कर्नाटकात एका कारखान्यात पॅनवरच आहे.