सिंक होणाऱ्या फोल्डरमधली एक्सेल फाइल सारखी लॉक होते आणि एकीच्या दोन होतात: काय काय तपासावं?

साठा_नोंद

गोदामाच्या साठ्याची एक एक्सेल फाइल आहे. 14 एमबी, 11 शीट, एक्सएलएसएक्स. ती क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे आणि तीन कॉम्प्युटरवरून तिच्यात नोंदी होतात. दोघांकडे मायक्रोसॉफ्ट 365 चं एक्सेल, तिसऱ्याकडे एक्सेल 2013. त्रास तीन प्रकारचा होतो:

अ) उघडताना ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’ असं येतं. ज्याचं नाव दिसतं त्याने फाइल उघडलेलीच नसते.
आ) सेव्ह करताना ‘शेअरिंग व्हायोलेशन’. मग फोल्डरमध्ये आठ अक्षरी विचित्र नावाची, एक्स्टेंशन नसलेली फाइल उरते.
इ) संध्याकाळी त्याच फाइलची दुसरी प्रत सापडते, तिच्या नावाला कॉम्प्युटरचं नाव चिकटलेलं असतं.

~$ ने सुरू होणारी लपलेली फाइल डिलीट केली की (अ) तात्पुरता थांबतो. हे करणं योग्य आहे का? सिंक सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकावं का?

कुलूप_किल्ली

पुन्हा टाकू नका. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि एकाच औषधाने बरी होणार नाहीत.

आधी ~$ म्हणजे काय ते. एक्सेल फाइल उघडली की त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाइल तयार होते. प्रॉपर्टीजमध्ये तिचा आकार साधारण 165 बाइट दिसेल. उघडणाऱ्याचं नाव तिच्यात असतं, आणि एक्सेल नीट बंद झालं की ती पुसली जाते. ऑफिसच्या सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ही व्यवस्था चोख चालते, कारण फाइल एकच असते आणि कुलूप सर्व्हर सांभाळतो. सिंक फोल्डरमध्ये मात्र प्रत्येक मशीनवर स्वतंत्र प्रत असते. तुमच्या डिस्कवरच्या प्रतीला लागलेलं कुलूप शेजारच्या डिस्कवरच्या प्रतीला कसं कळणार? वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स ~$ च्या फायली मुद्दामच वर पाठवत नाहीत. म्हणून दोघे जण एकाच वेळी तीच फाइल बिनदिक्कत उघडतात, दोघेही सेव्ह करतात, आणि तुमचा (इ) तिथेच जन्माला येतो.

काही सिंक प्रोग्राम ~$ सुद्धा पाठवतात. तिथे उलटं होतं. समोरच्याने फाइल बंद केली तरी ~$ पुसल्याची बातमी तुमच्यापर्यंत उशिरा पोचते, आणि घरी गेलेल्या माणसाचं नाव दिसत राहतं. तुमच्याकडे काय होतंय ते पाहायला पाच मिनिटं पुरे. एका मशीनवर फाइल उघडा. दुसऱ्या मशीनवर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ चालू करून दोन मिनिटं वाट पाहा. ~$ तिकडे उमटली तर तुमची सेवा ती वाहून नेते. नाही उमटली तर (अ) त्याच मशीनवरच्या, एक्सेल क्रॅश झाल्यावर मागे राहिलेल्या ~$ मुळे होतोय, किंवा मागे अडकून राहिलेल्या एक्सेलमुळे.

दिसणाऱ्या नावावर फार विसंबू नका. ते एक्सेलच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘जनरल’खाली लिहिलेलं युजर नेम असतं. सगळी मशीन एकाच माणसाने सेट केली असतील तर तिन्हीकडे तेच नाव असू शकतं. आजच तिन्ही ठिकाणी वेगळी नावं घाला. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

~$ डिलीट करायला हरकत नाही, पण क्रमाने. तिन्हीकडे फाइल बंद करायची, टास्क मॅनेजरमध्ये एक्सेलची प्रोसेस शिल्लक नाही ना ते पाहायचं, आणि मगच डिलीट. कुणी खरोखर काम करत असताना ती काढली तर कुलूप गेलं पण माणूस आत राहिला, असं होतं.

एक वेगळी बाब: फाइल शेअरपॉइंटवरून (कंपन्यांच्या फायली ठेवायची मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन जागा) थेट उघडली असेल तर कुलूप सर्व्हरवर असतं. एक्सेल क्रॅश झालं तर ते साधारण 10 मिनिटांनी आपोआप सुटतं. तेवढं थांबायचं, ~$ शोधत बसायचं नाही.

रकाना_क

(आ) बद्दल. सेव्ह करताना एक्सेल मूळ फाइलवर थेट लिहीत नाही. त्याच फोल्डरमध्ये आठ अक्षरी नावाची तात्पुरती फाइल लिहितं, मग मूळ फाइल हटवून तात्पुरतीला मूळ नाव देतं. नेमक्या त्या क्षणी सिंक प्रोग्रामने किंवा अँटिव्हायरसने मूळ फाइल वाचायला धरून ठेवली असेल तर नाव बदलता येत नाही, आणि ‘शेअरिंग व्हायोलेशन’ येतं. फाइल जितकी मोठी तितका वेळ ती धरलेली राहते. 14 एमबीची फाइल दर पाच मिनिटांनी सेव्ह झाली तर टक्कर होणारच.

उरलेली आठ अक्षरी फाइल लगेच पुसू नका. ती डेस्कटॉपवर कॉपी करा, नावापुढे एक्सएलएसएक्स हे एक्स्टेंशन जोडा आणि उघडून पाहा. न झालेलं सेव्ह बऱ्याचदा त्यात सुखरूप असतं.

फाइल कुणी धरली आहे हे शोधायला रिसोर्स मॉनिटर उघडा, ‘सीपीयू’ टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’च्या चौकटीत फाइलच्या नावाचा तुकडा टाका. पॉवरटॉइज (मायक्रोसॉफ्टचा विंडोजसाठीचा मोफत साधनसंच) असेल तर फाइलवर राइट क्लिक करून फाइल लॉकस्मिथने हेच कळतं. प्रीव्हहोस्ट दिसलं तर दोषी आहे एक्सप्लोररचा प्रीव्ह्यू पेन: फाइलवर नुसती एक क्लिक केली तरी तो ती उघडून धरतो. ऑल्ट + पी दाबून बंद करा, तिन्ही मशीनवर.

मग आकार कमी करा. प्रत्येक शीटवर कंट्रोल + एंड दाबा. कर्सर तुमच्या शेवटच्या नोंदीच्या हजारो ओळी खाली गेला तर तो नुसता फॉरमॅटिंगचा भार आहे. त्या रिकाम्या ओळी निवडून डिलीट करा (डिलीट की नव्हे, राइट क्लिक करून ‘डिलीट’), सेव्ह करा, पुन्हा तपासा.

फोल्डरात फोल्डर फार खोल असतील तर ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा पत्ताही मोजा. 218 अक्षरांच्या पुढे एक्सेल कुरकुर करतं.

साठा_नोंद

प्रीव्ह्यू पेन दोन मशीनवर चालू होता, बंद केला. तिन्ही एक्सेलमध्ये युजर नेम एकच होतं, बदललं. सेवा वनड्राइव्ह आहे, कंपनीचं खातं. ~$ दुसऱ्या मशीनवर उमटत नाही. आता दोन प्रश्न उरले: आधीच झालेल्या दोन प्रती एकत्र कशा करायच्या, आणि पुढे प्रती होऊच नयेत म्हणून काय?

कुलूप_किल्ली

दुसऱ्याचं आधी सांगतो, नाहीतर एकत्र करून होईपर्यंत तिसरी प्रत तयार होईल.

वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘सिंक अँड बॅकअप’, त्यात ‘अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’, त्यात ‘फाइल कोलॅबोरेशन’. हे दोन्ही 365 च्या मशीनवर चालू हवं. ते चालू असेल तर सिंक फोल्डरमधून उघडलेली फाइलही एक्सेल थेट क्लाउडशी जोडतं आणि दोघांना एकाच वेळी काम करता येतं. खूण अशी की वर डाव्या कोपऱ्यात ‘ऑटोसेव्ह’ चालू दिसतं. बंद दिसलं तर समजा की तुम्ही पुन्हा आपापल्या प्रतीवर लिहिताय.

ऑटोसेव्ह चालू होत नसेल तर हे पाहा: फाइल उघडायला पासवर्ड आहे का (असल्यास काढावा लागेल, त्याऐवजी फोल्डरची परवानगी मर्यादित करा), जुनं ‘शेअर वर्कबुक’ चालू आहे का, फाइल जुन्या एक्सएलएस स्वरूपात तर नाही ना, आणि कुणी ‘चेक आउट’ करून (म्हणजे फक्त स्वतःला बदल करता यावेत अशी अडवून) ठेवली आहे का.

एक्सेल 2013 ला हे एकत्र काम जमत नाही. त्या मशीनवरून ही फाइल फक्त ब्राउझरमध्ये उघडायची, आणि तिथलं सिंक या फोल्डरपुरतं बंद करायचं. यात सूट देऊ नका. एक जुनं मशीन बाकी दोघांची शिस्त मोडतं.

रकाना_क

एकत्र करण्याबद्दल. आधी तिन्हीकडे सिंक थांबवा, दोन्ही प्रती सिंक फोल्डरबाहेर न्या आणि 365 असलेल्या मशीनवर काम करा. दोन्हीकडे एक जादा रकाना घालून पावती क्रमांक आणि पावतीतला ओळ क्रमांक जोडून एक किल्ली बनवा. दुसऱ्या प्रतीतल्या किल्लीवर काउंटइफ (ती किल्ली मूळ फाइलमध्ये किती वेळा आहे ते मोजणारं सूत्र) लावा: मूळ फाइलमध्ये 0 आलं ती ओळ नवीन, ती सरळ उचलायची. 1 आलं तर एक्सलुकअप या शोधणाऱ्या सूत्राने मूळची नगसंख्या आणून एक्झॅक्ट या तुलना करणाऱ्या सूत्राने ताडायची. खोटं आलं त्या ओळींवर मात्र कागदी पावती काढून माणसानेच निर्णय घ्यायचा.

किल्लीत मालाचं वर्णन घालू नका. गोदामात ‘12*4’ अशी मापं लिहिलेली असतात, आणि काउंटइफ त्या तारकेचा अर्थ ‘मधे काहीही’ असा घेतं. 12*4 शोधताना 12x4, 1234 असं काहीही जुळलेलं दिसतं आणि नवीन ओळ जुनी समजून सुटते.

झालं की एकच फाइल परत ठेवा, जुन्या दोन्ही प्रती तारीख घालून वेगळ्या फोल्डरमध्ये महिनाभर राहू द्या, आणि मगच सिंक चालू करा.

कुलूप_किल्ली

त्या फोल्डरमध्ये टॅलीचा डेटा किंवा अॅक्सेसची फाइल असेल तर तीही आजच बाहेर काढा. ते प्रोग्राम फाइल सतत उघडी ठेवून तिच्या मधल्या भागात लिहितात, आणि सिंकने अर्धवट प्रत उचलली तर दुसऱ्या मशीनवरची फाइल उघडणारच नाही. त्यांचा फक्त बॅकअप, प्रोग्राम बंद असताना, सिंक फोल्डरमध्ये टाकायचा.