मदत हवी आहे: ऊसतोडीला गेलेल्या पालकांपर्यंत शाळेची खबर कशी पोहोचवावी?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य आहे. माझी मुलगी तिसरीत शिकते. गावात माझे झेरॉक्स आणि टंकलेखनाचे दुकान असल्यामुळे शाळेचे मासिक बातमीपत्र काढण्याचे काम गेल्या वर्षी आपसूकच माझ्याकडे आले, आणि त्याच कामात मी अडलो आहे.

आमच्या शाळेतील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये, परततात. काही मुले त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर जातात. बाकीची आजी-आजोबांजवळ राहून हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे ऊसतोडीच्या काळापुरत्या मुलांच्या सोयीच्या, आधाराने शाळेत येतात. पहिल्या सत्राचे प्रगतिपुस्तक आमच्याकडे दिवाळीच्या सुटीनंतर वाटले जाते, तेव्हा ते पाहायला हवेत ते आईवडील कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, असतात. स्नेहसंमेलन जानेवारीत होते, पालकसभा फेब्रुवारीत होते, आणि दोन्हीकडे आजीच येते.

बातमीपत्राचा पहिला अंक मी मोठ्या हौसेने काढला. एका पानावर वृक्षारोपण, केंद्रस्तरीय स्पर्धेतील बक्षिसे, सरपंचांच्या हस्ते झालेले गणवेशवाटप असे सारे छायाचित्रांसह मांडले. तो घरोघर देत असताना दुसरीतल्या एका मुलाच्या आजीने कागद उलटसुलट करून विचारले, "ह्याच्यात आमच्या लेकराचं काय हाय?" मी गप्प झालो. त्या मुलाला जोडाक्षरे येऊ लागली होती, ही त्या घराच्या दृष्टीने महिन्यातील सर्वांत मोठी बातमी होती आणि ती माझ्या अंकात नव्हती.

पालकांचा व्हॉट्सअॅप गट आहे, पण त्याचा सूचनाफलक झाला आहे. परिपत्रके, जयंतीच्या शुभेच्छा, पोषण आहाराची छायाचित्रे आणि त्यांखाली नमस्काराच्या खुणा यांपलीकडे त्यात काही घडत नाही. ऊसतोड मजुरांची टोळी पहाटे फडात उतरते, गाडी भरून परत यायला रात्र होते, आणि कित्येक आयांना लिहिलेला मजकूर वाचता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमानुसार मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती पालकांना नियमित सभांमधून सांगणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. आमच्या गुरुजींची त्याला ना नाही, पण सभेला पालकच गावात नसतील तर त्यांनी ते कोणाला सांगावे? हीच अडचण समितीचीही आहे. कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आमच्याकडे त्या आहेतही, मात्र हंगामात बैठकीचे इतिवृत्त तीन-चार सह्यांवरच भागवावे लागते.

मला तीन गोष्टींबाबत सल्ला हवा आहे. छापील अंक चालू ठेवावा की ध्वनिसंदेशांकडे वळावे? एकेका मुलाची प्रगती चारचौघांत उघडी न करता पालकांना कशी कळवावी? आणि पालकांचे म्हणणे शाळेपर्यंत उलट कसे यावे? तिसरा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो.

पहिला प्रतिसाद

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. छापील अंक बंद करू नका, परंतु तो आजीला वाचून दाखवायचा कागद समजून लिहा. अंक दोन महिन्यांतून एकदा निघाला तरी चालेल. अक्षरे मोठी ठेवा आणि वाचण्याचे काम त्याच घरातील मुलाला द्या.

खरी दुरुस्ती वेळापत्रकात आहे. टोळ्या निघण्याच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळी, पालकसभा घ्या आणि वर्गशिक्षकांनी प्रत्येक मुलाबद्दल आईवडिलांशी पाच मिनिटे स्वतंत्र बोलावे. प्रगतिपुस्तक तयार नसले तरी मूल अक्षर, शब्द की परिच्छेद यांपैकी कुठवर आले आहे, हे शिक्षकाला ठाऊक असतेच. समितीचे महत्त्वाचे ठराव आणि शाळा विकास आराखड्यावरची चर्चाही त्याच सुमारास उरकावी.

ध्वनिसंदेश शिक्षकांनी पाठवण्यापेक्षा मुलाने पाठवावा. दर पंधरा दिवसांनी मुलाने पाठ्यपुस्तकातील चार ओळी वाचून ते वाचन फक्त आपल्या आईच्या क्रमांकावर धाडायचे. प्रगती सांगायला वेगळे शब्द लागत नाहीत. दिवाळीला अडखळणारे लेकरू संक्रांतीला सलग वाचू लागले, हे आईच्या कानालाच कळते.

दुसरा प्रतिसाद

मी सांगली जिल्ह्यातील एका कारखान्याजवळच्या शाळेत शिकवते. तुमच्याकडून निघालेली मुले आमच्याकडे येतात, म्हणून ही एक विनंती. मुलाला शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिला जाणारा कागद, देताना त्याच्या मागे हाताने तीन ओळी लिहून द्या: त्याला काय येते, कोणता धडा चालू होता, आणि वर्गशिक्षकांचा दूरध्वनी क्रमांक. नुसत्या पत्रकावरून मूल चौथीत आहे एवढेच समजते आणि पहिला आठवडा चाचपडण्यात जातो. अनेकदा ते पत्रक आईच्या पिशवीत घडी होऊन राहते आणि आमच्या हाती जानेवारीत पडते, हेही सांगायला हवे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझा अनुभव असा, की "काही अडचण आहे का" असे विचारल्यास पालक नाही म्हणतात. "रात्री पोर कोणाजवळ झोपते" किंवा "दुखलंखुपलं तर कोणाला फोन करायचा" असे विचारल्यावर मात्र ते बोलू लागतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टोळ्या निघण्याआधी सभा घेण्याचे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे. पत्रकामागच्या तीन ओळींचा नमुना मी दुकानात टंकून ठेवतो. बातमीपत्रात यापुढे बक्षिसे एका ओळीत उरकतील आणि प्रत्येक वर्ग या महिन्यात काय शिकला, ते घरी आजीने कसे विचारावे, याला जागा राहील. समितीच्या बैठकीला फडावरील सदस्यांना दूरध्वनीवरून जोडून घेण्याचा विचार आहे, मात्र अशी उपस्थिती ग्राह्य धरायची की नाही, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारावे लागेल.

मुलाच्या वाचनाचा उपाय मला सर्वांत आवडला, पण त्यात एक अडचण आहे. काही आयांकडे स्वतःचा फोन नाही; त्यांना मुलाशी बोलायचे तर मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, फोनवरून त्याच्यासमोर बोलावे लागते. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याच्याकडून घेतलेली असते. अशा वेळी आई मुलाचे वाचन ऐकेल, पण घरची काळजी मोकळेपणाने सांगेल असे वाटत नाही. टोळीतल्याच एखाद्या बाईचा फोन तीन-चार कुटुंबांसाठी ठरवून घेणे कोणी करून पाहिले आहे का, आणि त्याच्या रिचार्जचा खर्च कोठून भागवला?