मदत हवी आहे: जास्त दुधामुळे मुलाचं हिमोग्लोबिन कमी होतं का?

मुलगा दीड वर्षाचा आहे. दिवसाला जवळजवळ लिटरभर गाईचं दूध पितो आणि जेवायला बसवलं की तोंड घट्ट मिटून घेतो. वजन छान आहे, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. पण हल्ली पांढराफटक दिसतो, चार पावलं चालला की कडेवर घे म्हणतो, आणि परवा कुंडीतली माती खाताना सापडला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६! डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिलेत आणि दूध निम्म्यावर आणा म्हणाल्या.

घरात यावरून दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, दुधाने कधी कुणाचं रक्त कमी झालंय का? नणंदेचं म्हणणं, ए-२ दूध सुरू कर. मला डॉक्टरांचं पटतंय, पण कारण नीट समजलं तर घरी सांगता येईल. दूध एकदम तोडायचं की हळूहळू? रात्री बाटलीशिवाय झोपतच नाही. आणि थेंब सुरू केल्यापासून शी काळी होतेय, चालतं ना?

प्रतिसाद १:
काळी शी लोहामुळे होते, घाबरू नका. डांबरासारखी चिकट झाली किंवा रक्त दिसलं तर मात्र लगेच दाखवा.
लिटरभर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. या वयात रोज ७ च्या आसपास लागतं. पोट दुधानेच भरलं की जेवण जात नाही, आणि गेलं तरी दुधातलं कॅल्शियम नि केसीन हे प्रथिन जेवणातलं लोह नीट शोषू देत नाहीत. काही लहान मुलांच्या आतड्यातून दुधामुळे नकळत थोडं थोडं रक्तही जातं. वर्षाच्या आत गाईचं दूध प्यायला देऊ नका म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे. ए-२ मध्ये फरक आहे तो प्रथिनाचा. लोहाचं काय? ते तेवढंच! माती खाणं हेसुद्धा लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रतिसाद २:
आमच्याकडे बाटली आधी दिवसाची सुटली, रात्रीची सगळ्यात शेवटी. दूध कपातून आणि जेवणानंतरच द्यायचो. सुरुवातीला आकांडतांडव झालं, मग मुलगी भुकेने आपणहून खायला लागली. थेंब दुधात मिसळू नका, लिंबू-संत्र्याच्या रसाबरोबर चांगले लागू पडतात.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. मातीचं डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, उद्या फोन करते. पहिला प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. आता विचारतायत, मग बकरीचं दूध चालेल का? त्यात लोह जास्त असतं का हो?