फ्लशची टाकी दोन ठिकाणी गळतेय, न उतरवता दुरुस्त होईल का?

घर गुहागरच्या बाजूला, समुद्र चालत ५ मिनिटांवर. कमोड २०११ चा, टाकी कमोडवरच बसवलेली, झाकणात अर्ध्या आणि पूर्ण फ्लशची दोन बटणं. महिनाभर कमोडमध्ये बारीक धार चालूच आहे. शिवाय टाकीच्या खालून डावीकडे थेंब थेंब पाणी. त्याखाली श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा ठेवलाय. रात्री १० ला ठेवला की सकाळी ६ ला काठोकाठ.

एरवी चालवून घेतलं असतं, पण विहिरीने तळ दाखवायला सुरुवात केलीय. आई रोज विचारते, "घरात माणसं तीन, मग पाणी पितंय कोण?" त्यात १५ तारखेला चाकरमानी येतायत, नऊ जण.

टाकीत नीळ टाकून फ्लश न करता अर्धा तास थांबलो. कमोडात निळं पाणी उतरलं. टाकीतली पातळी ओव्हरफ्लोच्या नळीपेक्षा दोन बोटं खाली आहे, म्हणजे फ्लोट ठीक असावा, पाणी तळच्या रबरातून जातंय. आत जांभ्याचा तांबडा गाळ, आणि रबराला हात लावला की बोट काळं.

खालचा थेंब बोल्टचा. नटाचा गंजून नुसता गोळा झालाय, पान्याला धरायला कोपरा उरलेला नाही. हार्डवेअरवाल्याच्या सांगण्यावरून एम-सील लावलं, तीन दिवस टिकलं. टाकीत येणारं पाणी बंद करायचा अँगल कॉकही पुरता बंद होत नाही.

नेहमीचा प्लंबर स्वतःच्या कलमांत आहे, "आंबा उतरला की येतो" म्हणतो. चिपळूणहून कुणी एवढ्याशा कामाला येत नाही.

तर रबर तेवढं बदलता येतं का? टाकीच्या आतला अख्खा सेट आणायचा तर दुकानात मापं कुठली सांगू? आणि हा नट सोडवू कसा?

प्रतिसाद
रबरासाठी टाकी उतरवायला नको. बटणांखालचा मनोरा धरून डावीकडे पाव फेरा फिरवा, बहुतेक सेटमध्ये तो उचलून हातात येतो. रबर उलटं करून बसवलंत तरी थोडे दिवस निघतात. बोल्टचं मात्र तसं नाही. त्याचा वायसर टाकीच्या आत, डोक्याखाली असतो, बाहेरून एम-सील लावून पाणी कसं थांबणार? टाकी उतरवावी लागेल, मग सेटही नवाच टाका. बटणाच्या भोकाचं माप, टाकीची आतली उंची, पाणी खालून येतं की बाजूने, एवढं बघा. त्यापेक्षा जुना सेटच पिशवीत घालून न्या.

नट सोडवत बसू नका. टाकी आणि कमोडच्या फटीत हॅक्सॉचं नुसतं पातं घालून बोल्ट कापा. नवे पितळी घ्या, खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. आवळताना दोन्ही बाजू आळीपाळीने, आधी हाताने, मग पान्याने जरासंच. जोर केलात तर टाकी तडकेल.

धागाकर्ता
मनोरा निघाला! रबराच्या कडेत बारीक खडा रुतला होता. उलटं करून बसवलं, धार थांबली. डबा अजून तिथेच आहे. बोल्ट रविवारी, वरच्या टाकीचा कॉक बंद करून. एकच शंका: कापताना बोल्टचं डोकं आत गरगर फिरायला लागलं तर धरायचं कशाने?