थिंकपॅडचा पंखा: आधी परवानगी द्या
थिंकपॅड लॅपटॉपचं तापमान ८० अंशांच्या वर जातं, आतला पंखा हलत नाही आणि वेग लिहायला गेलं की लिनक्स नकार देतं, असं तुम्ही म्हणताय. हा नकार मुद्दाम ठेवलेला आहे. थिंकपॅड-एसीपीआय मॉड्यूलमध्ये (लिनक्समधला थिंकपॅडचे भाग सांभाळणारा ड्रायव्हर) पंखा हाताने चालवायची सोय मुळात बंदच असते, नाहीतर चुकून थांबवलेला पंखा मशीन भाजून काढेल. मॉडप्रोबच्या (मॉड्यूल सुरू करणारी आज्ञा) कॉन्फिग फाइलीत 'ऑप्शन्स थिंकपॅड_एसीपीआय फॅन_कंट्रोल=१' ही ओळ टाका, रीबूट करा. मग रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन '/प्रॉक/एसीपीआय/आयबीएम/फॅन' या फाइलीत 'लेव्हल ७' लिहा आणि कान लावा. भर्रकन सुरू झाला तर पंखा ठणठणीत आहे. लगेच 'लेव्हल ऑटो'वर परत या. 'लेव्हल ०'वर, म्हणजे पंखा बंद ठेवून, कधीच सोडू नका, कळकळीने सांगतोय.

आवाजच आला नाही तर मागचं झाकण उघडून बघा. माझ्याकडे जाळीवर धुळीचा जाड थर बसला होता आणि पात्यांत एक लांब केस गुंडाळलेला.