गाणी सुचत नाहीत म्हणून मित्राने गोळ्या सोडल्यात, काय करू?

पत्र्याची_खोली:
आमचा चौघांचा बँड आहे, मी बेस वाजवतो. जुळे सोलापुरात एकाच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे तिथं प्रॅक्टिस, उन्हाळ्यात नुसती भट्टी होते पण भाडं लागत नाही. गाणी सगळी मराठी आणि सगळी आमचा गायक लिहितो. लै डार्क लिहितो, झोप न येणं, आरशात आपण आपल्यालाच न ओळखणं असलं सगळं. त्याला दोन वर्षांपूर्वी बायपोलरचं (मन कधी एकदम वर, कधी एकदम खाली जातं तो आजार) निदान झालं, त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू होत्या. आता म्हणतो गोळ्यांनी डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं, ओळ येत नाही, आणि तीन आठवडे झाले त्याने गोळ्या घेतलेल्याच नाहीत. घरी माहीत नाही. खोलीत कर्ट कोबेनचं पोस्टर आहे, निर्वाणा बँडचा गायक, सत्तावीसाव्या वर्षी गेला तो, ते दाखवून म्हणतो सत्तावीसच्या आत जे काय करायचं ते करायचं, वेड असल्याशिवाय मोठं काम होतच नाही.

खरं सांगायचं तर मला गप्प बसवतंय ते हे की या तीन आठवड्यांत त्याने चार गाणी लिहिली आणि त्यातलं एक खरंच भारी आहे. आम्ही ते वाजवतोय पण. म्हणजे आम्ही पण यात आलोच ना? घरच्यांना सांगू का? सांगितलं तर बँड गेला समजा.

अक्कलकोटरोड_शायर:
भावा, दुःखाशिवाय कविता नसते. बालकवी बघ, मनात उदासी घेऊन जगले आणि ऐन तारुण्यात रेल्वेखाली गेले. गोळ्या देऊन सगळ्यांना सरळ केलं तर लिहिणार कोण? जरा लिहू द्या त्याला.

जुनी_पुस्तकं:
शायर, बालकवींना यात ओढू नका राव. १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले ते. 'उदासीनता' ही एक छोटी कविता सगळे धरून बसतात आणि फुलराणी, श्रावणमासी विसरतात, तो माणूस हिरव्या गवताला बघून जास्त लिहायचा. (आता गंमत, जन्म ऑगस्ट १८९० आणि मृत्यू मे १९१८, हिशेब केला तर वय सत्तावीसच येतं. पण तिकडे सत्तावीसला गेलेल्या गायकांचा '२७ क्लब' म्हणतात तसा आपल्याकडे कुणी काढला नाही, बरं झालं.)

आणि 'भय इथले संपत नाही' लिहिणारे ग्रेस? त्याच्याइतकं काळोखं मराठीत दुसरं गाणं कुठलं सांगा. ते नागपूरला कॉलेजात मराठी शिकवत होते, २०१२ मध्ये गेले तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

सत्तावीसचं म्हणाल तर २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम एक नंबरला गेला असे हजारावर संगीतकार घेऊन मोजलं. सत्तावीसला काही विशेष निघालं नाही. विशी-तिशीतल्या प्रसिद्ध संगीतकारांचं मरण्याचं प्रमाण सामान्य लोकांपेक्षा जास्त होतं हे मात्र निघालं, ते खरंय. पण जे मेले त्यांचीच पोस्टरं निघतात आणि जे म्हातारे होऊन गुडघे धरून बसलेत त्यांची कोण लावणार.

दोन_टोकं:
मी स्वतः बायपोलर आहे, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, अकरा वर्षं गोळ्या चालू आहेत म्हणून लिहितोय. मला पण वाटायचं की वर गेलो की मी कवी असतो. एकदा एका रात्रीत चाळीस पानं लिहिली, त्याच आठवड्यात तीन जुन्या पेट्या विकत घेतल्या, मला पेटी येत नाही. नंतर शांतपणे वाचलं तर चाळीस पानांत दोन ओळी बऱ्या. आणि त्यानंतर जे खाली गेलो ते सहा महिने पेन राहू दे, ब्रश करायला उठवत नव्हतं. त्या सहा महिन्यांचं गाणं कुणी ऐकत नाही, कारण ते लिहिलंच जात नाही. व्हॅन गॉगचं पण तेच, झटका आला की कामच बंद पडायचं, चित्रं झाली ती मधल्या बऱ्या दिवसांत.

पण कापसाचं तो खोटं बोलत नाहीये, त्याला नाटक म्हणू नका. डेन्मार्कच्या मोगेन्स शौ या डॉक्टरांनी १९७९ मध्ये लिथियमवरच्या २४ कलाकारांना विचारलं होतं. १२ जण म्हणाले काम वाढलं, ६ म्हणाले होतं तसंच आहे, ६ म्हणाले कमी झालं. म्हणजे कमी होणारे पण असतात. मग डॉक्टरला तेच शब्द सांगायचे, डोस बघता येतो, औषध बदलता येतं. माझा डोस बदलल्यावर कापूस बराच गेला. मनानेच एकदम बंद केलं की आजार जोरात उलटतो, ते मी एकदा करून बसलोय.

आणखी एक, तुमच्या त्या पत्र्याच्या खोलीबद्दल. परत लिथियम चालू झालं तर तिथं घाम गाळून पाणी न पिता बसू देऊ नका. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरायला लागतात, उलट्या होतात. आपल्या गावच्या मे महिन्यात हे गंमत नाही. रक्ताची तपासणी असतेच त्यासाठी.

चाटी_गल्लीची_अक्का:
काय विचारलालास बे, सांग घरी. आजच. बँड परत होतो. आधी त्यालाच सांग की मी सांगणार आहे, मागून नको. झोपतो का तो? पैसे उडवलालाय का? मरायच्या गोष्टी बोलला तर एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन लावा, सरकारचं टेलिमानस आहे, मराठीत बोलतात, पैसे नाहीत. गाणी काळी असू देत, त्याला कुणी नाही म्हणत नाही.

पत्र्याची_खोली:
अपडेट देतो. त्याला सांगूनच त्याच्या आईला सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तीन तास झोपून कामाला जात होता हे आईकडूनच कळलं. काल सिव्हिलच्या ओपीडीत आम्ही तिघं जाऊन आलो, रक्त घेतलंय, कापसाचं त्याने स्वतःच सांगितलं आणि डॉक्टरांनी लिहून घेतलं.

परत येताना रिक्षात त्याच्या मोबाईलमध्ये ते भारी गाणं कधी लिहिलं ते बघितलं. मुखडा जानेवारीतला आहे, गड्ड्याच्या यात्रेच्या वेळचा, गोळ्या चालू असतानाचा. मी दाखवलं तर म्हणतो, हो पण अंतरा आत्ताचा आहे आणि जीव अंतऱ्यातच आहे. सात रस्ता चौकापर्यंत तेच भांडण चाललं होतं, रिक्षावाला पण वैतागला.